थांबा म्हणणारा हात

केटल बोअर
रविवार, १ सप्टेंबर २०१९

थोरल्या आई,

मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली गेली. मी लिहिलं होतं की तू हात वर केलास तेव्हा मी पाठमोरी होते, वहीत मुलांची नावं बघत होते. वही माझ्या हातात होती हे खरं. पण तोंड तुझ्याकडे होतं. तुझा हात मी पाहिला.

"लिहिली गेली" हेही बरोबर नाही. मी लिहिली.

फोन करून उपयोग नाही. थोरले बाबा गेल्यापासून आपल्या रीतीप्रमाणे तुझं तोंड बंद आहे, आणि शोक सुटेपर्यंत तू हातांनीच बोलणार. फोनमधून हात दिसत नाहीत, आणि चित्र दिसेल इतकं नेटवर्क आपल्याकडे नाही. म्हणून पत्र. ते तू स्वतः वाचणार नाहीस, डायलिसिसच्या मशीनला लावलेली असताना शेजारी बसणारी लिनेट तुला वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. मागच्या वेळी खोटं लिहिलं त्याचं एक कारण तेच. आपल्या घरातली गोष्ट लिनेटच्या तोंडून बाहेर पडेल याची लाज वाटली.

लिनेट, इथे तुझ्याशी बोलते. मधलं काही गाळू नकोस. कुणाला लागेल असं वाक्य आलं की तू खोकतेस आणि पुढच्या ओळीवर उडी मारतेस. या वेळी खोकू नकोस.

१४ ऑगस्टचा तो बुधवार मी पुन्हा क्रमाने लिहिते. क्रम माझ्याकडूनच मोडला होता.

शाळेची अकरा मुलं, दोन टोयोटा गाड्या. एक हॅडली सर चालवत होते, एक मी. कोरड्या नदीपाशी उतरलो. एरवी तू जागेला मोठ्याने हाक मारतेस, आम्ही कोण, कुणाची लेकरं, कशाला आलो ते सांगतेस. या वेळी तू ओठ पुढे काढून माझ्याकडे दाखवलंस, म्हणून हाक मला मारावी लागली. माझा आवाज हजेरी घेतल्यासारखा निघाला आणि मागून शॉन्टेल ओरडली, "हजर!" सगळी पोरं हसली. तूही हसलीस, आवाज न करता, खांदे हलवून.

त्यानंतरचे दोन तास मी शाळेत कधी पाहिले नव्हते असे गेले. मुलं गप्प होती. तू बोलत नव्हतीस म्हणून त्यांना तुझ्या हातांकडे बघत राहावं लागलं, आणि बघता बघता ती शिकली. लोखंडी पहार मातीत किती तिरकी घालायची. रानकांद्याची वाळकी पात कुठली आणि नुसतं गवत कुठलं. झुडपाच्या बुंध्याशी माती तडकली असेल तर खाली मुळात खायची अळी आहे. शॉन्टेलचं नाक वाहत होतं, तर तू चिकट पानं तळहातावर चोळून तिच्या नाकाशी धरलीस. ती शिंकली आणि म्हणाली, "आजी, हे तर क्लिनिकमधल्या बाटलीपेक्षा जोरात आहे." मी वहीत लिहिलं: औषधी वनस्पती, एक.

मग रानटोमॅटो. मुलांनी लाकडी परात भरून आणली. झुडपापाशी कुणी काही खायचं नाही, सगळं परातीत टाकायचं आणि परात तुझ्यापुढे ठेवायची, हे त्यांना घरापासूनच माहीत होतं. तू एकेक फळ हातात घेत होतीस. हिरवट असेल तर मागे फेकायचं. पिकलं असेल तर चिरायचं, लाकडी चमच्याने आतलं काळं बी शेवटच्या दाण्यापर्यंत खरवडायचं, वाळूवर झटकायचं, मग ते फळ एका मुलाच्या हातात. मग दुसरं फळ.

माझ्या वहीत एक रकाना होता: प्रत्येक विद्यार्थ्याने एक रानफळ चाखले. तीन खुणा झाल्या होत्या. आठ राहिल्या होत्या. परत निघायची वेळ दीडची, आणि एक वाजून वीस मिनिटं झाली होती. माझं वर्षभराचं प्रशिक्षण हॅडली सरांच्या सहीवर आहे, आणि ते झाडाखाली डबा उघडून माझ्याकडेच बघत होते.

मी मुलांना म्हणाले, "घ्या एकेक, पटकन."

तेव्हा तू हात वर केलास.

पुढचं तुला माहीत आहे. शॉन्टेलने तीन खाल्ली, बियांसकट, त्यातलं एक हिरवट. गाडीतच ओकायला लागली. संध्याकाळी नर्सने दवाखान्याचं विमान बोलावलं. ती दोन दिवसांनी बरी होऊन आली, पण ते दोन दिवस डोरीन आजी नातीच्या उशाशी कशी बसली असेल, ते मी मनात आणत नाही.

शाळेच्या अपघाताच्या फॉर्मवर मी लिहिलं: फळ ज्येष्ठ महिलेने दिले. सही माझी.

नंतर हॅडली सरांच्या खोलीत मी तुझं म्हणणं थोडक्यात सांगितलं, त्याचाही तुला राग असेल. पुढच्या पत्रात लिहीन.

सुईची जागा अजून सुजते का? लिनेटला सांगून कळव.

तुझी
कियार्ना


केटल बोअर
रविवार, ८ सप्टेंबर २०१९

थोरल्या आई,

शनिवारच्या बसने लिनेटची चिठ्ठी आली. तिने काय लिहिलं ते तुलाही कळावं म्हणून इथे उतरवते.

"कियार्ना, पत्र वाचलं. खोकले नाही. मर्टल मावशीने सगळं ऐकलं आणि मशीनच्या चाकाकडे बघत राहिली. काही कळवू का विचारलं, तर तिने मोकळ्या हाताने स्वतःचा कान दाखवला आणि नको केलं. मग ओठांनी खिडकीबाहेर दाखवलं, तुमच्या बाजूला. मग चहात साखर कमी आहे म्हणून माझ्यावर हात उगारला. याउपर काही नाही. मला तुमच्या भांडणात ओढू नकोस गं. आठवड्यातून तीन वेळा मी हिच्याशेजारी बसते. तू नाही बसत."

मला कळलं. मला कशाला सांगतेस, तिकडे सांग. लिनेटला कळलं नसेल, पण मला पहिल्या वाचनातच कळलं. तरी काल दिवसभर मी स्वतःला समजावत होते की तू नुसतं खिडकीबाहेर बघितलं असशील, ऊन आलं असेल.

आता ती खोलीतली गोष्ट. २० ऑगस्ट, मंगळवार. मी लिहिलं की तुझं म्हणणं थोडक्यात सांगितलं. थोडक्यात नव्हे.

हॅडली सरांनी तुला खुर्ची दिली, चहा दिला, ते चांगलेच वागले. मग विचारलं, "मर्टल, फळ तुम्ही त्या मुलीला दिलंत का?" तुला त्यांची भाषा कळते. तू त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून हातांनी सांगितलंस: माझ्या हातातून नाही. मी थांबा म्हटलं होतं. आणि हात मांडीवर ठेवून थांबलीस. पुढचं मी सांगावं म्हणून थांबलीस. एवढी जागा तू मला सोडलीस.

सर म्हणाले, "काय म्हणतात त्या?"

मी म्हणाले, "त्यांना फार वाईट वाटतंय. पुन्हा असं होणार नाही म्हणतात."

तू ते ऐकलंस. शब्द न् शब्द तुला कळला. मला वाटलं तू आता बोलशील. तू एक शब्द बोलली असतीस तर सगळं तिथेच संपलं असतं. पण तो शब्द थोरल्या बाबांचा होता. त्यांच्यासाठी धरलेलं मौन तू माझ्या खोट्यापायी मोडलं नाहीस. नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. सरांना वाटलं, गप्प आहेत म्हणजे कबूल आहे. त्यांनी मान हलवली आणि फाईल मिटली.

त्या आठवड्यातच गावोगाव फिरणारा डायलिसिसचा ट्रक केटल बोअरहून हलला आणि तू शहरात परत गेलीस. जाताना ट्रकच्या पायरीवर मी तुझी पिशवी द्यायला आले, तर तू पिशवी घेतलीस आणि माझा हात घेतला नाहीस.

तुझ्यामागे इथे काय चाललंय ते सांगते. शाळेच्या कौन्सिलची सभा मंगळवारी, २४ तारखेला आहे. त्या दिवशी मुलांना रानात नेणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव कायमचं काढायचं आहे. मुलांना बाहेर नेणंच बंद. त्याऐवजी शाळेच्या कुंपणात बाग करणार आणि प्लास्टिक चढवलेली चित्रांची कार्डं आणणार. एक नमुना आलाय. कार्डावरचं रानटोमॅटो इतकं गोल आणि लाल आहे की मुलांनी ते ओळखलंच नाही. एकजण म्हणाला, "हे तर दुकानातलं आहे."

एप्रिलमध्ये ट्रक परत येईल तेव्हा मुलांना नदीपाशी नेईन, यासाठी तू त्या सुया सोसतेस. हे तू थोरल्या बाबांना सांगत होतीस तेव्हा मी बाजूलाच होते. म्हणजे २४ तारखेला नुसतं नाव जाणार नाही.

गुरुवारी दुकानाच्या ओट्यावर डोरीन आजी भेटली. चार बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. मला म्हणाली, "काय गं शिकलेले, तुझ्या थोरल्या आईच्या हातांना काय झालं? चाळीस वर्षं त्या हातांनी आमची पोरं पोसली. म्हातारपणी हातांनाही मोतीबिंदू होतो का?"

बायका हसल्या. मीही हसले.

हे मला लिहायचं नव्हतं.

तुझी
कियार्ना


केटल बोअर
गुरुवार, १२ सप्टेंबर २०१९

थोरल्या आई,

रविवारपर्यंत थांबवत नाही. उद्याच्या बसला हे पत्र देते.

मी दोन पत्रांत दोन गोष्टी कबूल केल्या आणि मला वाटलं आता उरलं काही नाही. एक उरली होती. ती मी लपवली की विसरले, हे मलाच सांगता येत नाही. आज एका आठ वर्षांच्या मुलीने आठवण करून दिली.

तू गेल्यापासून वर्गात एक खेळ चाललाय. मुलं बाकाखाली हातांनी बोलतात, तुझ्यासारखं. पाणी प्यायला जाऊ का, याचं लिहिलेलं खोडून टाक, सर आले. हॅडली सरांना वाटतं पोरं नक्कल करतात. परवा म्हणाले, "कियार्ना, हे काय वळवळतात बोटं?" मी म्हणाले, "खेळ आहे सर." त्यावर ते म्हणाले, "मग मैदानावर खेळा म्हणावं."

आज मधल्या सुट्टीत शॉन्टेल वर्गातच बसून राहिली. शिजवलेलं मटण होतं जेवायला, तिला आवडतं, तरी गेली नाही. मी विचारलं, "पोट दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

बराच वेळ ती बाकावरचं रबर सोलत होती. मग म्हणाली, "ताई, मर्टल आजीला माझ्यामुळे घालवलं ना?"

"घालवलं नाही. तिची मशीन शहरात आहे. तिला जावंच लागतं."

"पण आता आम्हाला नदीवर नेणार नाही. नानी म्हणाली. मी अधाशासारखं खाल्लं म्हणून."

मी म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही." हे सोपं होतं, म्हणून म्हणाले.

तिने मान हलवली. "चुकलं. मला दिसत होतं. आजीचा हात असा होता." तिने तळहात पुढे करून दाखवला, अगदी तुझ्यासारखा, बोटं किंचित वाकवून. "थांबा म्हणत होती. पण ताई, तुम्ही म्हणालात, आजी म्हणते खा. मग मला वाटलं, माझंच चुकत असेल. तुम्ही शिकलेल्या आहात."

थोरल्या आई, मी ते म्हणाले होते. "घ्या एकेक, पटकन" एवढंच नव्हतं. तू हात वर केलास, मुलं थबकली, फळं तोंडापाशी नेऊन तुझ्याकडे बघायला लागली. एक मिनिट गेलं असेल. मी घड्याळ बघितलं. आणि हसत म्हणाले, "खा रे, आजी म्हणते खा." तुझ्यादेखत. तू तिथे बसली होतीस आणि मी तुझ्या हाताच्या जागी माझं तोंड ठेवलं.

मी खोटी ठरू नये म्हणून खाल्ली त्यांनी. बाकीच्यांनी एक चावा घेऊन कडू लागलं म्हणून थुंकलं. शॉन्टेलचं नाक चोंदलं होतं, तिला चव कळली नाही.

आता ती महिनाभर हे पोटात घेऊन फिरते आहे. डोरीन आजीलाही बोलली नाही. तिला वाटतं, जे डोळ्यांना दिसलं ते न मानणं हा तिचा गुन्हा.

मी तिला काय सांगितलं असेल? मी सांगितलं, "घंटा झाली, हात धुऊन ये."

दुपारी सरांनी मला बोलावलं. शुक्रवारी, २० तारखेला ते माझ्या प्रशिक्षणाच्या कागदावर सही करणार आहेत. म्हणाले, "शांत डोक्याने काम केलंस त्या दिवशी. तेही मी लिहिलंय." कागद मला वाचायला दिला. चांगलं लिहिलंय. आपल्या घरात बारावी झालेली मी पहिली, आणि आता केटल बोअरच्या शाळेत आपल्यातली पहिली शिक्षिका मी होणार. तो कागद मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

तुझी
कियार्ना


केटल बोअर
रविवार, १५ सप्टेंबर २०१९

थोरल्या आई,

काल मी आईला सांगितलं. तुझी धाकटी बहीण आहे, तिला माझ्याआधी दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

ती अंगणात कांगारूची शेपूट जाळावर धरून केस जाळत होती. मी सगळं सांगितलं, क्रमाने. हात, मग "आजी म्हणते खा", मग फॉर्म, मग सरांची खोली. तिने शेपूट उलटी केली, दुसरी बाजू भाजली, काडीने खरवडली. मला वाटलं ऐकलंच नाही.

मग म्हणाली, "म्हणजे ती गप्प होती आणि तू तिचं तोंड होतीस."

"हो."

"आणि तोंडाने खोटं सांगितलं."

"हो, आई."

"तुला दक्षिणेकडे शाळेत पाठवायचं ठरलं तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते, माहितीय तुला? तुझी थोरली आई म्हणाली, जाऊ दे तिला. ते लोक आपल्याबद्दल कागदावर काय लिहितात ते आपल्यातल्या एकीला तरी वाचता येऊ दे." तिने शेपूट राखेत पुरली आणि हात झटकले. "आता वाचता आलं. तूच लिहितेस."

मी रडले. तिने मला रडू दिलं. तिला घाई नव्हती.

नंतर चहा करताना मऊ आवाजात म्हणाली, आणि थोरल्या आई, तिच्या या मऊ आवाजालाच मी जास्त भिते. म्हणाली, "हे बघ. शनिवारी, २१ ला तिचा शोक सुटतो. शुक्रवारी सुई झाली की पोरं तिला गाडीने आणतील. शनिवारी तिचं तोंड मोकळं होईल. मंगळवारच्या सभेपर्यंत ती काय ते बोलेल. मी माझ्या बहिणीला ओळखते. ती तुझं नाव घेणार नाही. म्हणेल, म्हातारी झाले, हात चुकला. किंवा काहीच म्हणणार नाही. तुझी सही शुक्रवारी होऊन गेलेली असेल. तू शिक्षिका होशील. मग पाच वर्षांनी तूच मुलांना ने नदीवर."

"आणि तिचं नाव?"

"नाव तिचं आहे. तिला सोडायचं असेल तर सोडेल."

मी म्हणाले, "तुला असं वाटतं का मी गप्प बसावं?"

आई म्हणाली, "मला वाटतं तू मला विचारू नयेस."

रात्रभर हिशेब करायचा नाही असं ठरवून मी झोपले आणि सकाळी उठले तेव्हा हिशेब झालेला होता. सही शुक्रवारी. तुझं तोंड मोकळं होणार शनिवारी. सभा मंगळवारी. सहीनंतर सांगितलं तर मी कागद खिशात घालून सांगितलं असं होईल. शनिवारनंतर सांगितलं तर तू बोलशील या भीतीने सांगितलं असं होईल, आणि लोकांना तसं वाटलं नाही तरी मला वाटेल. आणि तू मला पाठीशी घातलंस, तर मग मी कधीच सांगू शकणार नाही, कारण मग तुलाही खोटं पाडावं लागेल. म्हणजे मला दोन्हींच्या आधी बोलायला हवं. तू अजून गप्प आहेस तोवर.

मला भीती कशाची वाटते तेही सांगते, लिनेट, वाच. सही मिळणार नाही, हे जवळजवळ नक्की आहे. चुकीचा फॉर्म भरला म्हणून सर वर कळवतील, त्यांना कळवावंच लागेल. पुढच्या वर्षी मला परत घेतील की नाही माहीत नाही. पण त्याहून डोरीन आजीची वाटते. ती ओरडली तर सोसेन. ती ओट्यावरून उठून माझ्यासमोरून निघून गेली तर काय करायचं ते मला येत नाही. तुझ्याबरोबर ती तेच करणार होती, आणि ती चूक तुझी नव्हतीच.

आज दुपारी मी तिच्या घरी गेले. आत गेले नाही, दारापुढे जाळ होता तिथे लांब बसले, तिने बघेपर्यंत. तिने बराच वेळ बघितलं नाही. शेवटी म्हणाली, "काय, पुन्हा कुणाला दवाखान्यात पाठवायचंय?"

मी म्हणाले, "डोरीन आजी, शाळेत या. शॉन्टेललाही आणा. मला तुमच्यासमोर सरांना काही सांगायचंय."

"इथे सांग. मला पाय आहेत, पण ते दुखतात."

"इथे सांगितलं तर ते फक्त आपल्यात राहील. कागद शाळेत आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला काहीतरी कळलं असावं, कारण पुढचा टोमणा तिने मारला नाही. म्हणाली, "कधी?"

मी तिला दिवस सांगितला. तिने मान हलवली आणि शॉन्टेलला हाक मारून म्हणाली, "चहा आण गं, ही बसलीय तर." मी चहा प्यायले. सगळा प्यायले.

नवा फॉर्म मी भरून ठेवला आहे. फळ कुणी दिले, या रकान्यात माझं नाव. ज्येष्ठ महिलेने काय सांगितले, या रकान्यात: "थांबा." हा फॉर्म मी आधी आपल्या भाषेत वाचून दाखवणार, डोरीन आजीसाठी, आणि मग सरांसाठी त्यांच्या भाषेत. शॉन्टेलला मी सगळ्यांसमोर सांगणार की तुला बरोबर दिसलं होतं. आणि सरांच्या खोलीत तू हातांनी जे म्हणालीस ते मी पुन्हा म्हणून दाखवणार, आधी हातांनी, मग तोंडाने. हे मी आज आरशासमोर करून पाहिलं.

मी हे आधी कळवते आहे त्याला कारण आहे. हे पत्र उद्याच्या बसने निघेल. बुधवारी तू मशीनवर असताना लिनेट तुला वाचून दाखवेल. म्हणजे एक दिवस आधी तुला माहीत असेल, आणि मग मला माघार घेता येणार नाही. तू शुक्रवारी गाडीतून उतरशील तेव्हा माझ्याकडे बघून विचारशील, आणि त्या हाताचं भाषांतर दुसऱ्या कुणाला करावं लागणार नाही.

तू माफ करशील की नाही, हे मी विचारत नाही. शनिवारी तुझं तोंड मोकळं होईल तेव्हा पहिला शब्द थोरल्या बाबांसाठी असेल, तसाच असायला हवा. माझं काम त्याआधी झालेलं असेल.

दिवस ठरला आहे. गुरुवार, १९ सप्टेंबर, सकाळी नऊ वाजता, शाळा भरायच्या वेळी.

तुझी
कियार्ना